काम मागणाऱ्यास काम व बेघरास घर

या आठवड्याच्या पाठासाठीं आम्हीं जो विषय घेतला आहे तो पुष्कळांस केवळ सरकारी कचेरींतला वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचें माणूस दिवाळीनंतर कोयता घेऊन परगांवीं जातें, किंवा ज्यांच्या राहत्या जागेचा उतारा आजवर त्यांच्या नांवें झालेला नाहीं, त्यांस तो आपल्या चुलीजवळचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. गांवांतल्या गांवांत मजुरी मिळावी व ज्यास घर नाहीं त्यास घर मिळावें, यासाठीं राज्यानें कोणते कायदे केले, ते कसे चालतात, आणि कोठें अडतात, हा तो विषय होय. उदाहरणें शक्य तों आम्ही जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतलीं घेऊं. उपदेशकांनीं हा पाठ मंडळींत वाचून दाखवावा, व जेथें कायद्याचें नांव किंवा रकमेचा आंकडा येईल तेथें थांबून तो दोनदां वाचावा.

आळेफाट्याहून अहमदनगराकडे, म्हणजे ज्या शहरास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात त्याकडे, जाणाऱ्या रस्त्याच्या अंगास राजुरी हें गांव आहे. या बाजूस ऊस, कांदा व दूध यांवर पुष्कळ घरें सुखानें नांदतात. राजुरीच्या पूर्वेस थोडें पुढें गेलें कीं आणे पठार लागतें, व तेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते. पश्चिमेस माळशेज व नाणेघाट यांच्या बाजूस पाऊस इतका कीं डोंगर दिसत नाहीं. पण तो पाऊस चार महिन्यांत वाहून जातो, आणि मग तेथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबें मजुरीसाठीं खालीं बागाइती गांवांत उतरतात. टोमॅटोच्या हंगामांत नारायणगांवास ज्यानें सकाळीं मजुरांची गर्दी पाहिली असेल, त्यास हें अधिक सांगावयास नको. त्यांतच ऊसतोडीसाठीं बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या टोळ्या येतात, व शेताच्या कडेस पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोप्या घालून पांच-सहा महिने काढतात. असा हा एकच तालुका : मध्यभागीं मजूर मिळत नाहीं म्हणून बागाइतदाराची तक्रार, आणि दोन्ही टोंकांस काम नाहीं म्हणून घर सोडून निघालेला मजूर.

बेघर कोणास म्हणावें? २०११ च्या खानेसुमारींत ज्यांस छप्पर म्हणून नाहींच, असे १७ लाखांहून अधिक लोक साऱ्या देशांत आढळले. महाराष्ट्रांत ते २ लाखांहून अधिक होते. पण गांवांतला बेघरपणा या आंकड्यांत फारसा सांपडत नाहीं. गांवांत मनुष्य उघड्यावर क्वचितच झोंपतो; तो दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या मर्जीनें घातलेल्या कोपींत झोंपतो. कुडाच्या भिंतीचें, वर्षांतून सहा महिने बंद असलेलें घर ज्याचें असतें, त्यास गणना करणारा घरवालाच समजतो. पावसाळ्यापूर्वीं छपराची शाकारणी करण्यास जो घरीं नसतो, त्याचें छप्पर दोन-तीन वर्षांत बसतें, व मग तो परत येण्याचेंच सोडतो. यावरून कळून येईल कीं काम व घर हे दोन प्रश्न नसून एकाच दोरीचे दोन पदर आहेत. आणि जुन्नरांत भिंतीस आणखी एक किंमत आहे. येथील उसाच्या रानांत बिबटे राहतात, त्यांतच त्यांचीं पिलें होतात. माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवाराकेंद्र आहे. ज्याच्या दारास कडी आहे त्याचें लेंकरूं रात्रीं सुरक्षित. ज्याची कोपी उसाच्या कडेस आहे, किंवा जो धनगर मेंढरांसह वाघुरीच्या आंत झोंपतो, त्याच्या लेंकरास ती सुरक्षितता नाहीं. हल्ला झाला कीं वर्तमानपत्रें बिबट्याविषयीं लिहितात, भिंतीविषयीं कोणी लिहीत नाहीं.

आतां कायद्यांकडे वळूं. दुष्काळांत सरकारनें काम काढावें ही कल्पना जुनी आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत रस्ते व तलाव यांचीं कामें निघालीं. परंतु १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें मजुरीचें मान इतकें उतरविण्यांत आलें कीं गडीमाणसास दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढेंच उरलें. हजारों मजूर कामें सोडून घरीं निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें याविरुद्ध सरकारास अर्जांवर अर्ज केले. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळासाठीं नियमांची संहिता झाली, आणि तिच्यामुळें अनेकांचे प्राण वांचले हें मान्य केलें पाहिजे. तथापि त्या संहितेप्रमाणें काम म्हणजे सरकारची दया होती. दुष्काळ आहे असें सरकारनें म्हटलें तरच काम. सरकारनें तोंड न उघडल्यास उपाशी माणसास तें उघडण्याचा अधिकार नव्हता.

दया आणि हक्क यांतील हें अंतर ज्यांनीं ओळखलें, त्यांत विठ्ठल सखाराम पागे यांचें नांव पहिलें घेतलें पाहिजे. ते अनेक वर्षें महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत विसापूर येथें १९६५ च्या सुमारास त्यांनीं हा प्रयोग लहान प्रमाणांत करून पाहिला : ज्यास काम पाहिजे त्यास गांवाजवळ काम द्यावयाचें, आणि तें काम असें कीं त्यानें जमिनीस पाणी मिळावें. पुढें १९७० पासून लागोपाठ वर्षें खालावलीं व १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळीं वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणें, अशीं कामें जागोजाग निघालीं, व मे १९७३ मध्यें त्यांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. आमच्या मंडळ्यांतील वृद्ध माणसांस खडीचे ते ढीग व सुकडीच्या त्या पुड्या अद्याप आठवत असतील. तरुणांनीं त्यांस विचारावें.

दुष्काळ सरला म्हणजे कामें बंद व्हावयाचीं, ही जुनी रीत. महाराष्ट्रानें तसें केलें नाहीं. १९७७ सालीं विधिमंडळानें रोजगार हमी अधिनियम संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खेड्यांतील प्रौढ स्त्रीपुरुषानें अंगमेहनतीचें काम मागावें व शासनानें पंधरा दिवसांत तें द्यावें. न दिल्यास भत्ता द्यावा. भत्ता अगदीं थोडा, दिवसास निदान एक रुपया, असा होता, व त्यास पुष्कळ हंसले. आमच्या मतें हंसणाऱ्यांस मर्म कळलें नाहीं. एक रुपया कां होईना, पण तो देण्याची पाळी आली म्हणजे अधिकाऱ्यानें काम दिलें नाहीं असें कागदावर सिद्ध होतें, आणि कोणत्याही कचेरीस असा कागद आवडत नाहीं. शिवाय स्त्रीस व पुरुषास दर एकच. शेतावर बाईस कमी व गड्यास अधिक देण्याची वहिवाट असतां सरकारी बांधावर दोघांस सारखें मिळूं लागलें, याचा परिणाम शेतावरच्या मजुरीवरही झाल्याशिवाय राहिला नाहीं.

पैसा कोठून आला, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९७५ च्या कायद्यानें नोकरदार व व्यवसाय करणारे यांच्यावर व्यवसायकर बसविण्यांत आला, तो मुख्यतः याच कामासाठीं. आणि जेवढी रक्कम करांतून येईल तेवढीच राज्यानें आपल्या खजिन्यांतून घालावी असें ठरलें. मुंबईंतील कारकून आणे पठारावरील मजुरास ओळखत नसेल, पण त्याच्या पगारांतून दरमहा जी लहानशी रक्कम कापली गेली तिनें या मजुराच्या हातीं कुदळ दिली. धर्मादायाहून ही व्यवस्था आम्हांस अधिक मानाची वाटते, कारण देणाऱ्यास उपकार केल्याचा गर्व होत नाहीं व घेणाऱ्यास मान खालीं घालावी लागत नाहीं.

१९९० पासून याच योजनेस फळबाग लागवड जोडण्यांत आली, व कोरडवाहू शेतकऱ्यानें आपल्याच शेतांत खड्डे घेऊन आंबा, बोर, डाळिंब लावावें व त्या श्रमाची मजुरी त्यास मिळावी असें झालें. पुढें २००५ सालीं संसदेनें साऱ्या देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, व १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांस लागू झाला. त्यांत प्रत्येक कुटुंबास वर्षांत १०० दिवसांची हमी होती, आणि महाराष्ट्रांत त्यापुढील दिवसांची हमी राज्यानें आपल्या कायद्यानें घेतली होती. गांवापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे काम दिल्यास मजुरी दहा टक्के अधिक, निदान एक तृतीयांश काम स्त्रियांस, ठेकेदारास मज्जाव, व मजुराचें काम हिरावून घेणारीं यंत्रें शक्य तों वापरूं नयेत, असे त्याचे नियम. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत त्याचा दर दिवसास ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला आहे. त्यांत दिवस १२५ केले आहेत, परंतु पेरणी व कापणी यांच्या ऐन दिवसांत मिळून ६० दिवसांपर्यंत कामें थांबविण्याची मुभा आहे, आणि पूर्वीं मजुरीचा सर्व खर्च केंद्राकडे होता त्याऐवजीं आतां बहुतेक राज्यांनीं शंभरांतले चाळीस रुपये घालावयाचे आहेत. दिवस वाढले याचा आनंद मानावा. पण राज्याचा हात आंखडला तर दिवस कागदावरच राहतील, याकडे ग्रामसभांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे.

कायद्यानें काय साधतें हें पाहावयाचें तर आंबेगांव व जुन्नर यांच्या पश्चिम डोंगरांत जावें. तेथें पडकई म्हणून एक जुनी चाल आहे. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखीं भातखाचरें करण्यासाठीं वाडींतलीं माणसें एकत्र येत, आज याच्या उतारावर तर उद्यां त्याच्या, असे आळीपाळीनें श्रम करीत. दगड वेंचून ताल रचावयाचा, मागें माती भरावयाची, कडेस पाणी जाण्यास वाट ठेवावयाची. ज्या उतारावर नाचणी-वरईचें पीक दोन-तीन वर्षें घेऊन जमीन टाकून द्यावी लागे, तेथें कायमचें भात येऊं लागे. पण उपाशी माणूस स्वतःच्या शेतांत बिनमजुरीचे महिने घालवूं शकत नाहीं; तो खालीं मजुरीस जातो, व त्याचा उतार तसाच राहतो. कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या शाश्वत या संस्थेनें येथील आदिवासींबरोबर काम करून हा विचार पुढें मांडला कीं, पडकईचे श्रम हे रोजगार हमीचें काम मानावें. तो मान्य झाला. मजूर स्वतःच्या जमिनींत स्वतःच्या गांवीं खपला, त्यास मजुरी मिळाली, आणि मजुरी संपल्यावर खाचर त्याच्यापाशींच राहिलें. रस्त्यावर फोडलेली खडी ठेकेदाराच्या रोलरखालीं जाते. रचलेला ताल नातवाच्या उपयोगीं पडतो. कोणतें काम मागावें हें ठरवितांना हा फरक मंडळींनीं ध्यानांत धरावा.

याच कथेस दुःखाची एक बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण या गांवावर डोंगर कोसळला व १५१ माणसें मेलीं. अतिवृष्टि हें कारण उघड होतें. तथापि त्या वेळीं असाही वाद झाला कीं, या भागांत पडकईचीं सपाटीकरणें हातांऐवजीं मोठ्या यंत्रांनीं झाल्यानें उतार सैल झाले होते. दरडीचा सर्व दोष त्यावर टाकण्यास आम्ही धजत नाहीं. तो निर्णय भूगर्भशास्त्र जाणणाऱ्यांचा आहे. पण एवढें म्हणूं कीं, यंत्र आलें म्हणजे पडकईचे दोन्ही हेतु एकदमच नष्ट होतात : मजुराची मजुरी जाते, आणि उतार कोठें तोडावा व पाण्यास वाट कोठें ठेवावी हें पिढ्यान्‌पिढ्या जाणणारा हातही बाजूस सारला जातो. म्हणून ठेकेदार व यंत्र यांस मनाई करणारा नियम हा केवळ मजुरांच्या लोभाचा नव्हे.

माळीणच्या उरलेल्या लोकांसाठीं जवळच आमडे येथें नवें गांव वसविण्यांत आलें. पक्कीं घरें, शाळा व रस्ते बांधून २ एप्रिल २०१७ रोजीं तीं लोकांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. त्याच वर्षींच्या पहिल्या पावसांत रस्ते व भराव खचल्याच्या तक्रारी आल्या, व डागडुजी करावी लागली. तरीही इतक्या त्वरेनें बेघरांस पुन्हां गांव मिळाल्याचीं उदाहरणें थोडीं, आणि त्याचें श्रेय द्यावें. मात्र मृत्यूनें सर्व देशाचें लक्ष वेधल्यावरच घर मिळावें काय, हा प्रश्न राहतोच. याच तालुक्यांत घोड नदीवरील डिंभे धरणानें पुष्कळ वाड्या उठविल्या. ज्या आंबेगांव गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें गांवच पाण्याखालीं गेलें. तेथें बेघर करणारा हात निसर्गाचा नव्हता. धरणग्रस्तांसाठीं महाराष्ट्रानें १९७६ सालींच कायदा केला होता, व लाभक्षेत्रांत जमीन द्यावी हें त्याचें सूत्र. पण डोंगरांतल्या आदिवासीस दूरच्या सपाटीवर, परक्या वस्तींत, जमीन घेऊन बसणें जमत नाहीं. कित्येक कुटुंबें जलाशयाच्या कांठींच वर सरकून राहिलीं. त्यांनीं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन कसण्यास मिळवली, मासेमारीसाठीं सहकारी संस्था उभी केली, आणि जें पाणी त्यांच्या घरांवर आलें त्याच पाण्यांतून मजुरी काढली. काम हें घराजवळ असावें, हें सूत्र येथेंही दिसतें. हिरड्याचेंही तसेंच : बाळहिरडा गोळा करणें हें या डोंगरांतील घरांचें रोख पैशाचें एक साधन आहे, व ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत हिरड्याचीं झाडें मोडलीं तेव्हां पीक नव्हे, तर वर्षांचा पगार गेला असें म्हणावें लागेल.

पारनेरच्या बाजूनें पुढें अहिल्यानगर तालुक्यांत हिवरेबाजार आहे. तें गांव आमच्या वाचकांनीं अवश्य जाऊन पाहावें. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. रोजगार हमीच्या व आदर्श गांव योजनेच्या पैशांतून चर, बांध व झाडें केलीं, आणि अधिक पाणी पिणारीं पिकें न घेण्याचा ग्रामसभेनें नियम केला. मजुरीसाठीं गेलेलीं कुटुंबें परत आलीं. तेथें योजना तीच होती जी सर्वत्र होती. फरक एवढाच कीं पैसा येण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब झाला होता.

आतां घराविषयीं. १९८५ मध्यें इंदिरा आवास योजना आरंभली. २०१६ पासून तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना आली. तींत सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार व डोंगराळ प्रदेशांत १ लाख ३० हजार रुपये, घर निदान २५ चौरस मीटर, शौचालयास निराळे १२ हजार, असें प्रमाण ठरलें. आणि रोजगार हमींतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी घरवाल्यानें स्वतःच्याच घरावर खपून घ्यावी असें जोडून दिलें. काम व घर यांची गांठ येथें कायद्यानेंच मारली आहे. कातकरी समाजासाठीं नोव्हेंबर २०२३ पासून निराळी योजना असून तींत घरास २ लाख रुपये धरले आहेत. आदिवासींसाठीं शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीं रमाई, भटक्या विमुक्तांसाठीं यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, व इतर मागासवर्गासाठीं २०२३ पासून मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत.

रक्कम आहे, पण पाया कोठें घालावयाचा? खरी अडचण तीच. ज्याच्या नांवें गांवठाणांत जागा नाहीं त्याचें नांव यादींत येऊनही घर उभें राहत नाहीं. यासाठीं राज्यानें २०१५ सालीं पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवानें जागाखरेदीस साहाय्य सुरू केलें. आरंभीं ५० हजार रुपये होतें तें पुढें १ लाख केलें. राजुरीसारख्या रस्त्यालगतच्या व पाण्याखालच्या गांवांत एक गुंठा काय भावानें जातो हें वाचक जाणतातच. म्हणून हें साहाय्य बागाइती गांवांत अपुरें, आणि पठारावर बरेंच उपयोगी ठरेल. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वींपासून जीं राहतीं घरें आहेत तीं नियमित करण्याचें धोरण राज्यानें २०१८ मध्यें जाहीर केलें. यास्तव जुनी घरपट्टीची पावती, विजेचें बिल, मुलाच्या शाळेचा दाखला, हे कागद पेटींतून काढून जपून ठेवावे. ते कागद म्हणजेच घराचा पाया.

आमच्या मंडळ्यांस विशेष लागू पडणारी एक गोष्ट येथें सांगणें जरूर आहे, कारण तिच्याविषयीं अज्ञान फार आहे व त्यापायीं पुष्कळांचे अर्ज फेटाळले जातात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींत हिंदूंचीच गणना होते. १९५६ मध्यें शिखांचा व १९९० मध्यें बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती लोकांचा झालेला नाहीं. म्हणून महार किंवा मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबास रमाई योजनेंतून घर मागतां येत नाहीं, मग त्याची झोंपडी शेजाऱ्याच्या झोंपडीसारखीच गळकी असो. हा न्याय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पाऊस धर्म विचारून गळत नाहीं. तथापि जातीचा दाखला एक व उपासनेची जागा दुसरी, अशी दुहेरी वागणूक ठेवून घर मिळविण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. अशा कुटुंबांची गणना महाराष्ट्रांत इतर मागासवर्गांत होते; तो दाखला काढून त्या वर्गाच्या योजनेकडे जावें. प्रधानमंत्री आवास योजनेंत शक्य तों १५ टक्के निधि अल्पसंख्याकांसाठीं राखावा असा नियम आहे; तो ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा. ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं अनुसूचित जमातींस धर्माची अट नाहीं. त्यांपैकीं कोणी ख्रिस्ती झाला तरी शबरी योजनेचा त्याचा हक्क जात नाहीं.

कांहीं आक्षेप ऐकूं येतात. बागाइतदार म्हणतात कीं रोजगार हमीनें मजूर माजला. आम्ही त्यांस इतकेंच विचारूं कीं, ज्या दिवसांत तुमच्या शेतांत काम नसतें त्या दिवसांत तो काय खातो? त्यास त्या दिवसांत जवळ काम मिळालें तरच तो हंगामांत तुमच्या गांवीं राहील. नाहींतर तो पुण्यास जाईल व मग तुम्हांस कोणत्याही दरानें मिळणार नाहीं. दुसरा आक्षेप खोट्या हजेरीपत्रकांचा. तो खरा आहे. मेलेल्यांचीं व परगांवीं असलेल्यांचीं नांवें हजेरीवर सांपडल्याच्या बातम्या महाराष्ट्रास नव्या नाहींत. त्यावर उपाय म्हणून छायाचित्राची हजेरी व आधारशीं जोडलेलें बँकखातें आलें. चोरी कांहीं अंशीं थांबली असेल. पण ज्या डोंगरांत मोबाईलला रेंज मिळत नाहीं तेथें खरा मजूरही गैरहजर ठरतो. चोर पकडण्याच्या जाळ्यांत धनीच अडकावा, असा हा प्रकार आहे. गांवच्या चावडींत हजेरीपत्रक मोठ्यानें वाचणें हा उपाय जुना असला तरी त्यास रेंज लागत नाहीं.

उपदेशकांकडे आमचें मागणें थोडें आहे. मंडळींतील ज्या घरांस पुढील चार महिन्यांत काम नाहीं त्यांची यादी करावी. त्यांच्या मजूरकार्डांवर सर्व प्रौढांचीं नांवें आहेत कीं नाहींत हें पाहावें, कारण सुनेचें नांव बहुधा राहून गेलेलें असतें. कामाची मागणी तोंडीं करूं नये. ती लेखी द्यावी, दहा-वीस जणांनीं मिळून द्यावी, आणि तारीख घातलेली पोच घेतल्यावांचून ग्रामपंचायतीची पायरी उतरूं नये. ती पोच नसेल तर पंधरा दिवस कोणापासून मोजावयाचे? ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं भरतात. पुढील वर्षाचीं कामें ज्या सभेंत ठरतात तिला आपल्या मंडळींतील स्त्रियांसह हजर राहून बांध, विहीर, खाचर, झाडें अशीं टिकाऊ कामें सुचवावींत. घरकुलाच्या यादींत नांव आहे काय, क्रमांक कितवा, व आपल्यापुढील नांवें खरोखर आपल्याहून गरजू आहेत काय, हें त्याच सभेंत विचारतां येतें. घर मंजूर झाल्यास तें पत्नीच्या किंवा दोघांच्या नांवें करून घ्यावें. योजनेचा नियमही त्याच बाजूचा आहे. आणि बांधकाम चालू असतां त्याच घरावरील ९० दिवसांची मजुरी स्वतंत्र मागावी लागते, ती आपोआप येत नाहीं. पुष्कळ घरें भिंतीपर्यंत येऊन केवळ या मजुरीचा अर्ज न केल्यामुळें छपरावांचून पावसाळा काढतात.